स्लाव्ह लोकसंगीत आणि सिंफनी ऑर्केस्ट्रा : देवापेक्षा विधी धरा

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही पुण्यात गेमसाठी संगीत करता. हाती आलेला गेम स्लाव्ह पुराणकथांवर आहे आणि मेघगर्जनेचा देव पेरुन, देवी मोकोश आणि हिवाळ्याची, मृत्यूची मोराना ही त्यातली पात्रं. तुम्ही एक लोकधून निवडलीत, तिच्याखाली स्ट्रिंग्जचे कॉर्ड भरलेत, वर कॉयरचं सॅम्पल लावलंत, तळाला मोठे ड्रम. सगळं सुरात आहे, भव्य आहे, पण कुठल्याही फँटसी ट्रेलरला चालेल असं झालंय. आणि आता तुम्ही विचारताय, अजून कोणती लोकवाद्यं घालू?

वाद्यं घालू नका, निदान आत्ताच नको. मी बरीच वर्षं मध्य युरोपात राहून ऑर्केस्ट्रेशनचं काम करते. या प्रकारचे ट्रॅक दुरुस्तीला येतात तेव्हा दुखणं वाद्यांच्या यादीत फार क्वचित असतं. तुम्ही धून लोकांकडून घेतलीत, पण ती चालवलीत शहरी युरोपीय शिस्तीने: साधं मायनर स्केल, चार-चार मापांचे तुकडे, प्रत्येक तुकड्याच्या शेवटी कॉर्डचा मुक्काम. त्या शिस्तीत बसवली की कुठलीही लोकधून वरची नक्षी होऊन राहते. मग ती बॅगपाइपवर वाजवा नाहीतर व्हायोलिनवर, ऐकणाऱ्याला ट्रेलरच ऐकू येतो. म्हणून काम उलट दिशेने करायचं. ते गाणं स्वतः कसं चालतं, कधी गातात, कशासाठी गातात हे आधी बघायचं आणि ऑर्केस्ट्राला त्या चालीने चालायला लावायचं.

काही गोष्टी मात्र तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत. सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे गेम कुठल्या प्रदेशात घडतो. 'स्लाव्ह' म्हणताना आपण बल्गेरियापासून पोलंडपर्यंत आणि चेक देशातल्या मोराव्हियापासून उत्तर रशियापर्यंत सगळं एका शब्दात गुंडाळतो. प्रत्यक्षात सोफियाजवळच्या शोप भागातलं बायकांचं दोन आवाजांचं गाणं आणि पोलंडच्या तात्रा डोंगरातलं व्हायोलिन यांत सूर, लय, लगाव काहीच सारखं नाही. तात्राच्या पायथ्याच्या पोधाले भागात मध्यम तीव्र आणि निषाद बऱ्याचदा कोमल, म्हणजे यमनात कोमल नी लावावा तसं सप्तक. युक्रेनच्या कार्पेथियन डोंगरातल्या हुत्सूल लोकांकडेही तीव्र मध्यम सापडतो, पण गंधार कोमल. शोप भागातली जुनी गाणी तर चार-पाच सुरांतच फिरतात. हे तिन्ही एका ट्रॅकमध्ये घातलंत तर त्यातलं एकही ओळखू येणार नाही. मोराना पश्चिम स्लाव्हांची, पेरुन आणि मोकोश यांची नावं कीव्हच्या कागदोपत्री. कथालेखकाने त्यांना एकत्र आणलं असेल तर त्याला विचारा की कथेचं गाव कुठल्या नदीकाठी आहे, आणि संगीत त्या गावाचं करा.

दुसरी गोष्ट पैशाची. दोन-तीन खऱ्या गायिका आणि एखादा वादक परवडणार असेल तर बजेट तिथे घाला. स्ट्रिंग्ज सॅम्पलवर राहिल्या तरी चालतील. तिसरी, संगीत सरळ वाजणार आहे की खेळाडूच्या हालचालींप्रमाणे थर चढणार-उतरणार आहेत. यावर खाली येतेच, कारण या बाबतीत लोकसंगीत तुमच्या फार कामाचं आहे.

आता पुराणकथा. स्लाव्हांकडे आपल्या पुराणांसारखा किंवा ग्रीकांसारखा देवांच्या गोष्टींचा ग्रंथ नाही. जे आहे ते बहुतेक त्यांच्या ख्रिस्ती विरोधकांनी किंवा नंतरच्या ख्रिस्ती भिक्षूंनी लिहिलेलं, आणि तेही त्रोटक. कीव्हच्या जुन्या बखरीत ९८० सालच्या नोंदीत व्लादिमीर राजाने टेकडीवर मूर्ती बसवल्याचा उल्लेख आहे: पेरुन, खोर्स, दाझबोग, स्त्रिबोग, सिमार्ग्ल आणि मोकोश. पेरुनची मूर्ती लाकडाची, डोकं चांदीचं, मिशा सोन्याच्या. ९८८ मध्ये राजाने बाप्तिस्मा घेतल्यावर तीच मूर्ती घोड्याच्या शेपटीला बांधून खेचत नेऊन द्नीप्र नदीत टाकली. बाल्टिक समुद्रातल्या र्‍यूगेन बेटावर आर्कोना इथे चार मुखांच्या स्वांतोवितचं देऊळ होतं, ते डेन लोकांनी ११६८ मध्ये पाडलं. त्याचं वर्णन साक्सो ग्रामातिकस या डॅनिश इतिहासकाराने लिहून ठेवलं आहे. अशा तुकड्यांपलीकडे पेरुन कसा बोलायचा, मोकोशने काय केलं, यावर भरवशाचं फार थोडं आहे. इंटरनेटवर 'वेलेसचं पुस्तक' नावाचा प्राचीन ग्रंथ तुमच्यासमोर येईल. भाषातज्ज्ञांच्या मते ती विसाव्या शतकातली बनावट आहे. त्यावर ट्रॅकची कल्पना उभी करू नका.

मग संगीतकाराने काय धरायचं? विधी. देव विस्मरणात गेले, पण वर्षाचं चक्र चालू राहिलं आणि त्या चक्राची गाणी गावांत टिकली. हिवाळ्यात दारोदार फिरून म्हणायची कोल्यादा गाणी, डोंगरउतारावर उभं राहून वसंताला हाक मारायची वेस्न्यांका, उन्हाळ्याच्या मध्याला कुपालाच्या रात्री आगीवरून उड्या मारताना आणि नदीत फुलांची कडी सोडताना म्हणायची गाणी. चर्चने यातल्या बऱ्याच गोष्टींवर संतांची नावं चढवली, गाण्याची रीत फारशी बदलली नाही. विधी धरल्याचा मोठा फायदा असा की विधीला क्रिया असते, सुरुवात-शेवट असतो, माणसं एका जागेहून दुसऱ्या जागी जातात. त्यातून संगीताचा आकार मिळतो. 'मेघगर्जनेचा देव' एवढ्या कल्पनेतून फक्त ड्रम मिळतात, आणि ते तुमच्याकडे आधीच आहेत.

विधीच्या गाण्यात किती थोड्या सामग्रीवर केवढं उभं राहतं याचं उदाहरण म्हणून युक्रेनचं 'श्चेद्रिक' घ्या. मिकोला लेओंतोविच यांनी एका जुन्या गाण्यावरून ते कॉयरसाठी बांधलं, डिसेंबर १९१६ मध्ये कीव्हमध्ये ते पहिल्यांदा गायलं गेलं, १९२२ मध्ये युक्रेनियन कॉयरने न्यूयॉर्कला नेलं, आणि पुढे इंग्रजी शब्द चढून ते जगभर नाताळचं गाणं झालं. मूळ शब्दांत नाताळ कुठेच नाही. एक पाकोळी उडत येते आणि घरधन्याला हाक मारते, बाहेर ये, मेंढवाड्यात बघ, कोकरं झालीत. भर हिवाळ्यात म्हणायच्या गाण्यात पाकोळी कशी? कारण गाणं त्या काळातलं मानतात जेव्हा नवं वर्ष वसंतात सुरू व्हायचं.

आता त्याची बांधणी बघा. सगळी सामग्री चार सुरांची: कोमल ग, रे, कोमल ग, सा. तीन मात्रांचं माप. पहिला सूर एक मात्रा, मधले दोन अर्धी-अर्धी, शेवटचा एक मात्रा. बस. हे चार सूर दारात उभं राहून म्हटलेल्या मंत्रासारखे फिरत राहतात. लेओंतोविच यांनी त्या मंत्राला हात लावला नाही. खालचे आवाज एकेक करून येतात, एक लांब सूर धरून पायरीपायरीने उतरतो, दुसरा मध्येच हाकेसारखा उठतो, आणि वरचे चार सूर मात्र तेच. खालच्या सुरामुळे त्या चारांचा रंग दर आवर्तनात वेगळा दिसतो. कळसाला आवाज भरगच्च होतो, मग थर उतरत जातात. तुमच्या ट्रॅकमध्ये नेमकं उलटं झालंय. धून मोठी, आठ मापांची आहे, कॉर्डचं चक्र ठरलेलं आहे, आणि धून संपली की करायला काही उरत नाही म्हणून तुम्ही ड्रम वाढवलेत.

धून तीच ठेवून भोवतालचं बदलत नेण्याची ही युक्ती ऑर्केस्ट्रात आणली ती रशियाच्या मिखाइल ग्लिंका यांनी. १८४८ च्या 'कामारिन्स्काया'मध्ये त्यांनी एक लग्नाचं गाणं आणि एक नाचाची छोटी धून घेतली. नाचाची धून पुन्हा पुन्हा येत राहते, मोठी होत नाही, दुसऱ्या धुनेत 'विकसित' होत नाही. फक्त तिच्या भोवतीची वाद्यं, प्रतिसूर आणि हार्मनी पालटत राहतात. गेमच्या संगीतात आज आपण थर चढवतो-उतरवतो ते तत्त्व हेच आहे. खेळाडू जंगलात हिंडतोय तेव्हा धून एकट्या क्लॅरिनेटवर, धोका जवळ आला की तीच धून, खाली चेलोवर अर्ध्या सुराने घासणारा सूर. तुम्हाला वेगळी 'लढाईची धून' लिहायची गरज पडणार नाही. आणि गावातला माणूसही असंच गातो: कडव्यामागून कडवं, चाल तीच.

हार्मनीबद्दल थोडं थांबून सांगते, कारण खरी गाठ तिथे आहे. एकोणिसाव्या शतकातल्या बहुतेक संग्राहकांनी गावातली गाणी एका आवाजात उतरवून घेतली आणि पियानोची साथ आपल्या मनाने लिहिली. येवगेनिया लिन्योवा या रशियन गायिकेने १८९७ पासून फोनोग्राफ घेऊन गावोगाव ध्वनिमुद्रणं केली, तेव्हा शहरातल्या लोकांसमोर स्पष्ट पुरावा आला की शेतकरी बायका-पुरुष हे गाणं अनेक आवाजांत गातात, आणि ती कॉर्डची हार्मनी नसते. एकजण चाल धरतो, बाकीचे तीच चाल आपापल्या वाटेने म्हणतात. कुठे फाटे फुटतात, कुठे सगळे एका सुरावर येऊन भेटतात. दोन आवाज मध्येच एकमेकांना घासले तरी कोणाला खटकत नाही, कारण शेवट एकत्र होणार हे सगळ्यांना माहीत असतं. बल्गेरियाच्या शोप भागात तर घासणं हाच गोडवा आहे. एक बाई चाल म्हणते, दुसऱ्या खालचा सूर धरतात, आणि सा-रे एकत्र वाजत राहिले तरी कोणी घाईने सुटका शोधत नाही. बिस्त्रित्सा गावातल्या म्हाताऱ्या बायकांचं असं गाणं युनेस्कोच्या यादीतही आहे.

हे स्ट्रिंग्जवर कसं आणायचं? मी कॉर्ड लिहीतच नाही. व्हायोलांचे तीन-चार भाग करते, सगळ्यांना तीच चाल देते, पण प्रत्येकाला एखाद-दोन ठिकाणी वेगळी वळणं आणि वेगळ्या जागी श्वास देते. मुक्कामाला सगळे एकाच सुरावर. चेलो आणि डबल बेसला मोकळ्या तारांवरचा सा-प, तोही सलग, गज बदलायची वेळ प्रत्येकाने आपापली निवडायची. व्हायब्रॅटो, म्हणजे सुराची थरथर, बंद. एवढं केलंत तरी ट्रेलरपणा बराच उतरेल. शेवटच्या मापातला पंचमाच्या कॉर्डवरून षड्जाच्या कॉर्डवर येणारा मुक्काम मात्र आधी काढून टाका. गाणं कुठल्या गावचं हे पुसून टाकण्यात त्याच्याइतका हात दुसऱ्या कशाचा नसतो.

रशियन संगीतकार इगोर स्त्राविन्स्की यांचा उल्लेख इथे टाळता येणार नाही. त्यांचं 'वसंताचा विधी' हे बॅले २९ मे १९१३ रोजी पॅरिसला पहिल्यांदा झालं. कथेची आखणी त्यांनी निकोलाय रोरिख या चित्रकारासोबत केली, ज्यांचा प्राचीन रशियाचा आणि पुरातत्त्वाचा अभ्यास होता. विषय देवाची गोष्ट नाही. जमातीने वसंतासाठी केलेल्या विधींची माळ आहे. पहिला सूर बसून (bassoon) या फुंकून वाजवायच्या खर्जाच्या वाद्यावर एकट्याने येतो, इतक्या उंच पट्टीत की वाद्य ओळखू येऊ नये. ती धून १९०० मध्ये क्राकुवला छापलेल्या लिथुआनियन गाण्यांच्या संग्रहातली, म्हणजे काटेकोर बघायचं तर स्लाव्ह नव्हे, शेजारच्या बाल्टिक लोकांची. दुसऱ्याच मापात हॉर्न येतो तो धुनेला न जुळणारा सूर घेऊन. पुढे स्ट्रिंग्ज एकच कर्कश कॉर्ड ठोकत राहतात, आठ हॉर्न अनपेक्षित मात्रांवर जोर देतात, आणि स्ट्रिंग्जचा सगळा ताफा ताशासारखा वाजू लागतो. लोकधुनेचे तुकडे करून त्यांची विधीसारखी पुनरावृत्ती करणं ही त्यांची मुख्य रीत, आणि ती शिकण्यासारखी आहे. तो कॉर्ड मात्र उचलू नका. गेली शंभर वर्षं सगळे उचलतायत.

मला स्वतःला 'लग्न' या त्यांच्या १९२३ च्या रचनेतून जास्त मिळालं. शब्द जुन्या लोकगीतसंग्रहातले, विषय रशियन खेड्यातलं लग्न. सुरुवातीला त्यांच्या मनात प्रचंड ऑर्केस्ट्रा होता. दहाएक वर्षं वेगवेगळे वाद्यमेळ लावून बघितल्यावर शेवटी ठेवलं काय, तर चार पियानो, तालवाद्यं आणि माणसांचे आवाज. गाणाऱ्यांचे शब्द धारदार ऐकू यायचे असतील तर त्यांच्याभोवती मऊ, लांबणारे सूर नकोत, आघाताने सुरू होऊन लगेच विरणारे सूर हवेत. तुमच्याकडे ऐंशी वादकांची सॅम्पल लायब्ररी आहे म्हणून ऐंशीही वाजलेच पाहिजेत असं नाही.

ताल. तुम्ही तबलजी आहात, त्यामुळे इथे तुम्ही बऱ्याच जणांच्या पुढे आहात आणि नेमका तिथेच एक धोका आहे. बल्गेरियाचा रचेनित्सा सात मात्रांचा, २+२+३. तुम्हाला रूपक आठवेल, पण रूपक ३+२+२, आणि त्यात आपण सात मात्रा मोजतो. रचेनित्सा इतका जलद असतो की नाचणारा सात मोजत नाही, तीन पावलं टाकतो: आखूड, आखूड, लांब. कोपानित्सा अकरा मात्रांचा, २+२+३+२+२, म्हणजे पाच पावलं आणि मधलं लांब. पायदुश्को पाचाचा, २+३. हे लिहिताना क्लिकवर, म्हणजे मुद्रणात वादकांच्या कानात वाजणाऱ्या ठोक्यावर, सातही मात्रा वाजवल्या की वादक मात्रा मोजू लागतात आणि नाच मरतो. क्लिक फक्त पावलांवर ठेवा, असमान अंतराने. नोटेशनमध्ये सुरांचे गट २+२+३ असेच बांधा, म्हणजे कंडक्टर तीन हात देईल.

पण हे सगळं बल्गेरिया आणि आसपासचं. पोलंडच्या किंवा मोराव्हियाच्या मोरानाला सात मात्रांवर नाचवलंत तर तिथल्या श्रोत्याला ते बाहेरचं वाटेल. पूर्वेकडे असम मापं वेगळ्या वाटेने येतात, शब्दांच्या अक्षरांवरून. रिम्स्की-कोर्साकोव्ह यांच्या १८८२ च्या 'स्नेगुरोच्का' ऑपेराच्या शेवटी सूर्यदेव यारिलोची स्तुती आहे, माप अकरा मात्रांचं. कॉयरच्या गायकांनी ते पाठ करायला संगीतकाराच्याच नावाचं अकरा अक्षरांचं वाक्य केलं होतं, 'रिम्स्की-कोर्साकोव्ह पार वेडा झालाय' अशा अर्थाचं, ही आठवण रशियात अजून सांगतात. युक्ती मात्र खरीच उपयोगी आहे. मी सत्रात वादकांना असम माप आकड्यांनी कधीच सांगत नाही. त्या भाषेतली ओळ म्हणायला लावते. चेक संगीतकार द्वोर्झाक यांनीही १८९६ मध्ये कवी कारेल एर्बेन यांच्या लोककथांवरच्या कवितांवरून सिंफॉनिक काव्यं लिहिली, तेव्हा 'सोन्याचा चरखा'मध्ये धुना थेट कवितेच्या ओळींच्या लयीवर बेतल्या. गाणारं कोणी नाही, तरी ऑर्केस्ट्रा चेक भाषेत बोलतो. म्हणून धुनेचे मूळ शब्द मिळवा, त्या भाषेच्या माणसाकडून नुसते वाचून घ्या, आणि जोर कुठे पडतो ते ऐका. चेकमध्ये जोर शब्दाच्या पहिल्या अक्षरावर, पोलिशमध्ये बहुतेक वेळा शेवटून दुसऱ्यावर. एवढ्या फरकाने अख्खी सुरावट बदलते.

आवाजाबद्दल थोडक्यात आणि ठामपणे: कॉयरची सॅम्पल काढून टाका. ती ऑपेराच्या गळ्याची असतात, गोल आणि थरथरती. विधीची गाणी उघड्यावर, शेतापलीकडच्या माणसाला ऐकू जावीत अशी, मोकळ्या गळ्याने छातीतून गातात. तिकडे त्याला पांढरा आवाज म्हणतात. वाक्याच्या शेवटी आवाज वर झटकून सोडतात. बहुतेक बायकांचा हा आवाज मध्य सीच्या वरच्या सी-डीपर्यंतच जोर धरतो, तेव्हा गायिका ठरल्यावर पट्टी ठरवा, आधी नाही. तीनच गायिका असतील तर खोलीत तीन-चार जागा बदलून, प्रत्येक वेळी एकीला चाल धरायला सांगून मुद्रण करा. सूर-दुरुस्तीचं सॉफ्टवेअर लावू नका. गंधार कोमल आणि शुद्ध यांच्या मध्ये कुठेतरी लागत असेल तर तो तसाच हवा आहे. आणि रिव्हर्ब, म्हणजे आवाजाचा घुमारा, कमी. कॅथेड्रलची लांब शेपटी लावलीत की गाणं चर्चमध्ये गेलं.

आता वाद्यं, ज्यांपासून तुमचा प्रश्न सुरू झाला. लोकवाद्य घ्यायचं तर एकच घ्या आणि त्याच्या अटींवर घ्या. बल्गेरियन गायदा म्हणजे बॅगपाइप. त्याला हळू आवाजात वाजता येत नाही, थांबता येत नाही, खालचा धरलेला सूर बदलत नाही. अशा वाद्याखाली ऑर्केस्ट्राने पट्ट्या बदलत बसायचं म्हणजे दोन्हींची फजिती. मी गायदा आधी एकट्याचं मुद्रित करते, त्याचा षड्ज नेमका कुठे बसलाय ते मोजते आणि ऑर्केस्ट्राच्या सत्रात सगळ्यांना त्या षड्जावर सूर लावायला सांगते. उलट क्रमाने केलं तर गायदावाल्याला दिवसभर पिशवी आणि पत्ती जुळवत बसावं लागतं आणि शेवटी तो कंटाळून मुळमुळीत वाजवतो. हुत्सूल लोकांची त्रेंबिता म्हणजे साधारण तीन मीटर लांबीचा लाकडी कर्णा. त्याला छिद्रं नाहीत, फक्त नैसर्गिक स्वरांतरं. खरी मिळाली नाही तर फ्रेंच हॉर्नवाल्याला व्हॉल्व्ह न वापरता वाजवायला सांगा. काही सूर आपल्या कानाला चढे-उतरे लागतील, ते लागू द्या. गुस्ली या जुन्या रशियन तंतुवाद्यासाठी जुना तोडगा आजही चालतो: ग्लिंका यांनी 'रुस्लान आणि ल्युद्मिला'मध्ये चारणाच्या गाण्यात हार्प आणि पियानो एकत्र वाजवून गुस्लीचा भास केला.

काळाचंही भान हवं. अकॉर्डियनचं पेटंट १८२९ चं, व्हिएन्नाचं. आज दिसते ती बालालाइका आणि तिचा मोठा मेळ वासिली आंद्रेयेव्ह यांनी १८८० च्या दशकात घडवला. ख्रिस्ती धर्म येण्याआधीच्या काळातल्या जत्रेत ही दोन्ही वाजली की जाणकाराचा कान लगेच उभा राहतो. गुस्लीचे अवशेष मात्र नोव्गोरोदच्या उत्खननात मध्ययुगीन थरांत सापडलेत, तेव्हा ती बिनधास्त घ्या.

हे सगळं तुमच्या मोरानाच्या प्रसंगाला लावून बघू. मोराव्हिया, स्लोव्हाकिया, पोलंडमध्ये हिवाळा संपताना मुली गवताची बाहुली करतात, तिला बाईचे कपडे चढवतात, गाणं म्हणत गावाबाहेर नेतात, कधी पेटवतात आणि पाण्यात टाकतात. बऱ्याच ठिकाणी परतताना मागे वळून बघायचं नसतं. मोराव्हियात येताना हिरवी, सजवलेली डहाळी घेऊन येतात, म्हणजे मृत्यू बाहेर गेला आणि उन्हाळा आत आला. तुमचा आकार इथेच तयार आहे. सुरुवात एका मुलीच्या आवाजाने, चार सुरांत, साथीला काहीही नाही. दुसऱ्या कडव्याला बाकीच्या दोघी, मध्येच फाटे फोडत. तिसऱ्याला व्हायोला तीच चाल घेऊन, खाली बेसचा सा. गाव मागे पडेल तसं धुनेचं शेवटचं अक्षर दर वेळी थोडं लांबवा, म्हणजे माप आपोआप वाकडं होईल आणि पाय जड वाटतील. मोठा ड्रम इथे नको. सगळ्या डबल बेसनी तारेवर बोटाने मारलेला एकच ठोका पुरे. बाहुली पाण्यात पडते तेव्हा ऑर्केस्ट्राचा स्फोट करायचा मोह होईल. मी तिथे धरलेला सा काढून घेईन. इतका वेळ कानात असलेला सूर गेला की पायाखालची जमीन गेल्यासारखं वाटतं, आणि ते कुठल्याही झांजेपेक्षा जास्त लागतं. परतीला वेगळं गाणं, वेगळी पट्टी, जलद लय आणि बासऱ्या. मोराना खेळाडूची शत्रू म्हणून पुन्हा उभी राहील तेव्हा तेच पहिले चार सूर आणा, पण मुलीच्या आवाजाऐवजी उंच पट्टीतल्या बसूनवर किंवा व्हायोलिनच्या खालच्या तारेवर पुलाजवळ घासून. श्रोता ओळखेल.

दोन व्यवहाराच्या गोष्टी राहिल्या. संग्रहातली शंभर वर्षांपूर्वीची चाल वापरणं आणि कुणी मुद्रित केलेल्या गावातल्या आजींचा आवाज कापून सॅम्पल म्हणून लावणं यांत फार फरक आहे. दुसऱ्या बाबतीत मुद्रण ज्या संस्थेकडे आहे तिची लेखी परवानगी घ्या आणि शक्य असेल तर गाणाऱ्यांपर्यंत पैसे पोचतील अशी अट घाला. ही माणसं आजही तेच गाणं त्याच दिवशी गातात. तुमचा गेम त्यांची नातवंडं खेळणार आहेत. आणि श्रेयनामावलीत 'स्लाव्ह लोकगीत' एवढंच लिहू नका, गाव किंवा प्रदेश आणि भाषा लिहा. युक्रेनियन गाणं रशियन म्हणून छापलं जाणं ही आज तिथल्या लोकांसाठी किरकोळ चूक नाही.

सुरुवात आजच करता येईल अशी एक चाचणी सांगते. तुमच्या ट्रॅकमधून कॉर्ड आणि ड्रम बंद करा, धून कुणाकडून तरी साथीशिवाय गाऊन घ्या आणि सलग पाच-सहा वेळा ऐका. तिसऱ्या वेळी कंटाळा आला तर निवड चुकली आहे, ऑर्केस्ट्रेशनने ती सुधारणार नाही. कंटाळा आला नाही तर ती गायलेली फाइल आणि मूळ शब्द इथे टाका. धून कुठल्या भागातली असावी आणि खाली कोणता सूर धरता येईल ते बघून सांगते.